अर्ध्या गतीचा शाफ्ट



व्याख्यान संपल्यावर कोप्पीकर रोडवर क्षणभर थांबा आणि डोळे मिटून ऐका. रिक्षा, मोटारसायकली, गर्दीतून वाट काढणाऱ्या गाड्या. त्या आवाजातल्या जवळजवळ प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरत असतो. त्यावर ठरावीक अंतरांवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. एखादी जुनी येझदी गेली तर तिच्यात तो सापडणार नाही, कारण ती टू-स्ट्रोक. बाकी बहुतेक साऱ्यांत तो आहे. त्याचं नाव कॅमशाफ्ट, आणि उंचवट्यांचं कॅम. आजचा प्रश्न एवढाच की हा दांडा घरच्या वर्कशॉपमध्ये बनवता येतो का? आणि येत असेल, तर नेमकं अडतं कुठे?

आधी तो करतो काय, ते पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. त्या एका फेऱ्यात त्याला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडून मिटायचा असतो आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्हही. कधी उघडायचा, किती उचलायचा, किती वेळ उघडा ठेवायचा आणि कसा खाली टेकवायचा, हे सगळं त्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. उंचवटा नसलेल्या गोल भागाला बेस सर्कल म्हणतात. टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्हला उचलणारा तुकडा, त्यावर असेपर्यंत व्हॉल्व्ह बंद. मग हलका चढ, मग कूस, मग शेंडा, आणि पुन्हा उतार.

हुबळी हे गंगूबाई हनगलांचं गाव आणि सवाई गंधर्वांचं कुंदगोळही जवळच, म्हणून इथल्या श्रोत्यांना हे वेगळ्या भाषेत सांगता येतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा उडी मारत नाही, मींड घेतो. चांगला कॅमही तसाच. बेस सर्कल सोडताना तो व्हॉल्व्हला धक्का देत नाही, अलगद उचलतो. हा चढ घाईचा झाला की टॅपेट टकटकतं, स्प्रिंग उसळते, व्हॉल्व्ह बैठकीवर आपटतो. इंजिन चालतं, पण बेसूर चालतं, आणि लवकर झिजतं.

कॅम ही काही परकी चीज नव्हे. आजीच्या शिलाई मशीनवर धागा वर-खाली ओढणारा दांडा आठवतो का? जुन्या मशीनमध्ये त्याला हलवतो तो कॅमच. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आणला. साध्या यंत्रमागावर ताण्याचे धागे वर-खाली करणारा भाग हाही कॅमच. त्या गावात कित्येक पिढ्यांनी कॅमच्या खडखडाटात झोप घेतली आहे.

आणि घरच्या वर्कशॉपचं म्हणाल, तर आपल्या या भागाइतकं जवळचं उदाहरण दुसरं कुठलं? 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान सुरू झालं. त्यांच्यातले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. दुकानाच्या मागे छोटी यंत्रं आली, कडबा कापायचं यंत्र झालं, 1903 मध्ये लोखंडी नांगर झाला. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी तो खपायलाही वेळ लागला. 1910 मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे 1941 मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा लेथचा कारखाना निघाला आणि 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. दुकानापासून डिझेल इंजिनापर्यंत अठ्ठावन्न वर्षं. मध्ये लेथ आला, आणि लेथ आधी, इंजिन नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या यंत्रानं इंजिनाचे भाग करायचे ते यंत्र आधी जमावं लागतं.

हरिहरचा कारखाना आता उरला नाही. त्याचे लेथ मात्र उरले. 'एंटरप्राइज' आणि 'टर्नमास्टर' ही नावं जुन्या टर्नरांच्या तोंडी अजून आहेत. घरी वर्कशॉप थाटणाऱ्याच्या नशिबात नवा लेथ क्वचितच येतो, असाच एखादा वापरलेला येतो. म्हणजे कॅमशाफ्टकडे जाण्याची पहिली पायरी आपल्याच मातीत घडलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

मग लोकांनी घरी इंजिनं का नाही केली? 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातल्या एका कारागिरानं भंगारातून किकनं सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि देशभर तिची चर्चा झाली. सांगाडा त्याचा, पत्रा त्याचा, कल्पना त्याची. पण इंजिन? ते दुचाकीचं, तयार मिळालेलं. त्याच्या फार आधी, इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी 'मीरा' या छोट्या मोटारीमागे कित्येक वर्षं लागले होते. त्यांनी एकामागून एक नमुने बांधले. मीरा बाजारात कधीच आली नाही. पण मोटार नावाची गोष्ट मुळापासून समजून घेण्याची जिद्द या भागात होती, याचा तो पुरावा आहे. जगभर घरी बसून गाड्या करणारे पुष्कळ. इंजिनाच्या आत शिरणारे थोडे. कॅमशाफ्ट स्वतः कापणारे त्याहून थोडे.

कारण काय? कारण कॅमशाफ्टची चूक दिसत नाही.

हे वाक्य आज पुन्हा येणार आहे. नांगराचा फाळ वाकडा झाला तर दिसतो. बिजागरी तिरकी बसली तर दार सांगतं. कॅमचा उंचवटा एक अंश पुढे सरकला तर डोळ्याला काहीच कळत नाही. बेस सर्कलची त्रिज्या 15 मिलिमीटर धरली तर त्या परिघावर एक अंश म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. पण कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. व्हॉल्व्ह दोन अंश उशिरा मिटला. ओढ गेली, डिझेल जास्त लागलं. दोष कोणाला? पंपाला, इंजेक्टरला, नाहीतर मेकॅनिकला. कॅमकडे कोणी बोट दाखवत नाही.

कर्नाटकात आपण सगळे 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' म्हणत गोडीनं राहतो. गर्दीच्या बसमध्ये त्या तीन शब्दांइतकी माणुसकी दुसऱ्या कशात नाही. कॅमशाफ्टपाशी मात्र ते शब्द दाराबाहेर ठेवायचे. किती बाहेर, याचा अंदाज आपल्याच गावावरून घेऊ. हुबळी स्टेशनच्या 1507 मीटरच्या फलाटाचं मार्च 2023 मध्ये उद्घाटन झालं, जगातला सर्वांत लांब फलाट. समजा 300 मिलिमीटरच्या कॅमशाफ्टवर एक शतांश मिलिमीटरची चूक सांभाळायची आहे. तेच प्रमाण फलाटाला लावलं, तर दीड किलोमीटर बांधून झाल्यावर फरक पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. चार बोटांच्याही आत.

आता प्रत्यक्ष खोलीत शिरू. समजा, कोप्पीकर रोडच्या मागच्या एखाद्या गल्लीत जुनं घर आहे. तळमजल्यावर दहा बाय बाराची खोली. लेथ तळमजल्यावरच हवा. माडीवर ठेवला तर लाकडी तुळया त्याच्याबरोबर थरथरतील. जुन्या लेथची मोटार बहुधा थ्री-फेजची, घरात वीज सिंगल-फेज. मोटार तरी बदला, नाहीतर फेज करून देणारा ड्राइव्ह तरी लावा. शेजारी दुपारी झोपतात, म्हणून काम सकाळी. या साध्या गोष्टी वाटतात, पण बरीच वर्कशॉपं इथंच अडतात.

पहिली मोठी अडचण लोखंडाची नाही, माहितीची. कोणता आकार कापायचा? हातात असतो एक झिजलेला जुना कॅमशाफ्ट. त्याची हुबेहूब नक्कल केली तर झीजही हुबेहूब उतरेल. शेंडा सर्वांत आधी झिजतो, कारण तिथं टॅपेटचा दाब एका बारीक रेषेवर येतो. म्हणून जुन्या शाफ्टचा न झिजलेला भाग मोजायचा, दोन्ही बाजूंच्या कुशी ताडून पाहायच्या, आणि शेंडा हिशोबानं परत बसवायचा. शिवाय एक गंमत आहे. सपाट टॅपेटच्या बऱ्याच इंजिनांत कॅमची पाठ मुळातच किंचित उतरती घासलेली असते आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर. त्यामुळे टॅपेट आपल्या जागी हळूहळू फिरत राहतं आणि एकाच ठिकाणी झिजत नाही. नवशिका हा उतार मोजतो, त्याला झीज समजतो आणि मोठ्या कष्टानं 'सुधारतो'. त्याचं टॅपेट फिरत नाही, आणि नवा कॅम थोड्या दिवसांत खरवडला जातो.

आता कापणं. इथं एक पद्धत अशी आहे की ती समजली की मन प्रसन्न होतं. शाफ्ट मिलिंग मशीनवर आडवा धरायचा, एका टोकाला शाफ्ट अंश मोजून फिरवणारं डिव्हायडिंग हेड, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक. वरून सपाट तळाचा एंड मिल कटर. आता विचार करा: कटरचा सपाट तळ आणि टॅपेटचा सपाट तळ, दोन्ही एकच काम करत नाहीत का? टॅपेट ज्या अंशाला जितकं उचललं जायला हवं, त्या अंशाला कटर शाफ्टच्या मध्यापासून तितक्याच उंचीवर ठेवायचा. बेस सर्कलची त्रिज्या अधिक त्या अंशाची उचल, बस्स. अवघड भूमिती लागत नाही. एक तक्ता लागतो, एका रकान्यात अंश, दुसऱ्यात उंची.

डिव्हायडिंग हेडच्या दांड्याचे चाळीस फेरे म्हणजे शाफ्टचा एक फेरा, म्हणजे दांड्याचा एक फेरा नऊ अंशांचा. अठरा भोकांच्या वर्तुळावर चार भोकं पुढे गेलं की दोन अंश झाले. उंचवट्याचा भाग 130 अंशांचा धरला, तर दोन-दोन अंशांनी एका उंचवट्याला 65 वेळा दांडा फिरवायचा आणि 65 वेळा उंची लावायची. चार सिलिंडरच्या इंजिनाला आठ उंचवटे. पाचशे वीस वेळा! पाचशे एकोणिसाव्या वेळी एक भोक चुकलं तरी सगळा शाफ्ट भंगारात. दांडा नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा, पुढे गेला तर बराच मागे घेऊन पुन्हा पुढे यायचं, कारण गिअरमध्ये खेळ असतो आणि मागे घेताना तो खेळ अंश खाऊन टाकतो. मुरलेले कारागीर तक्त्यातली प्रत्येक ओळ झाली की पेन्सिलीनं खोडतात. चहा आला तर खोडल्यावरच पेल्याला हात.

कापल्यावर उंचवटा गुळगुळीत नसतो, त्यावर बारीक पैलू असतात. किती बारीक? 15 मिलिमीटर त्रिज्येवर दोन अंशांचे पैलू साधारण दोन मायक्रॉन उंच राहतात, पाच अंशांचे चौदा. आळस करून मोठी पावलं टाकली तर पुढे कानस आणि पॉलिश पेपरनं ते काढताना आकारच बिघडतो. दोन अंशांचे असतील तर कुशीवर थोडे जास्त राहतात, तरी बारीक पेपरानं ते निघून जातात.

शाफ्ट लांब आणि किडकिडीत असतो हे दुसरं दुखणं. दोन सेंटरमध्ये धरलेल्या शाफ्टची लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाखाली तो आठ पट वाकतो. कटर खाली दाबतो, शाफ्ट मधोमध दबतो, आणि मधले उंचवटे टोकाच्या उंचवट्यांपेक्षा उंच राहतात. खालून आधार द्यावाच लागतो, आणि तो प्रत्येक उंचवट्याला सरकवावा लागतो. तापमानाचंही तसंच. कापताना शाफ्ट हाताला चटका बसेल इतका तापला, म्हणजे चाळीस-एक अंश सेल्सिअसनं, तर तीस मिलिमीटरचा व्यास शतांश मिलिमीटरहून जास्त फुगतो. गरम असताना मोजलं, गार झाल्यावर माप हरवलं. म्हणून थांबायचं. घरच्या कारागिराकडे पैसा नसतो, महागडी यंत्रं नसतात, पण वेळ असतो. कारखान्याला वेळ परवडत नाही, त्याला परवडतो.

कडकपणाची गोष्ट थोडक्यात. नरम लोखंडाचा कॅम काही तासांत खाल्ला जातो. कार्बन कमी असलेलं ईएन-36 सारखं पोलाद घेतलं, तर शाफ्ट कोळशाच्या भुकटीत पेटीबंद करून नऊशे अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवायचा, कार्बन वरच्या थरात मुरवायचा, मग तेलात विझवायचा. वरचा थर कडक, आतला गाभा चिवट. पण भट्टीतून आलेला शाफ्ट सरळ राहत नाही. तो उभा टांगून तापवला तर कमी वाकतो. आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनानंच धनुष्य होतो. म्हणून आधी दोन-तीन दशांश मिलिमीटर जास्त ठेवायचं आणि शेवटी ग्राइंडिंगनं उतरवायचं. आणि ग्राइंडिंग म्हणजे पुन्हा सगळी पायपीट, या वेळी कटरच्या जागी चाक, आणि चाक घासत जातं तसा त्याचा व्यास बदलतो. लेथवर ग्राइंडिंग करणाऱ्यानं लेथचा बिछाना झाकून ठेवलाच पाहिजे. चाकाची धूळ स्लाइडवर गेली की कॅम घासताना लेथही घासला जातो.

हेच सोलापूरला कसं होतं? 1992 मध्ये तिथं सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशातल्या आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तिच्या कामातली एक पद्धत फार देखणी आहे, चिल्ड कास्ट आयर्न. साच्यात जिथं उंचवटा येणार तिथं आधीच धातूचा तुकडा बसवलेला असतो. वितळलेलं बीड त्याला टेकलं की तिथली उष्णता झटकन शोषली जाते, आणि तेवढाच भाग पांढऱ्या कडक बिडाचा होतो. बाकीचा दांडा सावकाश थंड होतो आणि करड्या बिडाचाच राहतो. भट्टीत पुन्हा घालायला नको, वाकायचं निमित्त नको. साच्यातच कडक होऊन येतो. आपल्या सोलापुरात, चादरींच्या गावात, हे काम होतं, हे किती मराठी माणसांना ठाऊक आहे? घरी मात्र ही युक्ती जवळजवळ अशक्य. वितळलेल्या बिडाची भट्टी गल्लीतल्या खोलीत नको, आणि बिडाचं मिश्रण दर वेळी तंतोतंत साधायला प्रयोगशाळा लागते. म्हणून घरचा कारागीर पोलादाच्या वाटेनं जातो, ती लांबची असली तरी.

म्हणजे घरी करूच नये का? करावं, पण हळू इंजिनापासून. व्हॉल्व्हवरचा ताण वेग दुप्पट झाला की चौपट होतो. 1500 फेऱ्यांच्या शेतीपंपाच्या डिझेल इंजिनाचा कॅम मिनिटाला 750 वेळा फिरतो, 6000 फेऱ्यांच्या मोटारीचा 3000 वेळा. वेग चौपट, ताण सोळा पट. पंपाचं इंजिन लहानशी चूक पोटात घालतं, मोटारीचं घालत नाही. शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट आखूड असतो, उंचवटे थोडे असतात, आणि पाचशे वीस वेळांऐवजी दीड-दोनशे वेळा दांडा फिरवून भागतं. इंग्लंडात 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक 1898 पासून हेच शिकवत आलं. त्यातल्या एडगर वेस्टबरी यांनी पंधरा सीसीचं, चार सिलिंडरचं 'सील' नावाचं छोटंसं इंजिन आखलं आणि हौशी लोकांनी ते स्वयंपाकघराशेजारच्या खोल्यांत बनवलं. मराठीत असं नियतकालिक हवं होतं. शिकलेली तरुण मुलं लेथला हात लावायला कचरतात, आणि हात काळे झालेल्यांना कोणी तक्ता समजावून सांगत नाही. हुबळीत 1885 पासून रेल्वेचं वर्कशॉप आहे, 1947 पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. या दोघांच्या मधोमध एक खोली असायला हवी, जिथं निवृत्त फिटर आणि दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी एकाच डायलकडे वाकून बघत असतील.

कारण कॅमशाफ्टची चूक दिसत नाही. ती मोजावी लागते. आणि मोजायची साधनं कारागिराला कॅमच्या आधी बनवावी लागतात. दोन व्ही-ब्लॉक, एक सपाट प्लेट, एक डायल गेज, आणि अंश मोजायला एक मोठी चकती. चकती मोठी हवी. 300 मिलिमीटर व्यासाच्या चकतीच्या काठावर एक अंश म्हणजे 2.6 मिलिमीटर, साध्या डोळ्यांनी वाचता येतो. डायलचं टोक मात्र टॅपेटसारखंच सपाट हवं. बाजारातून आणलेल्या डायलला बारीक गोळीचं टोक असतं. त्यानं सपाट टॅपेटचा कॅम मोजला तर कुशीवरची सगळी मापं वेगळीच येतात, आणि चांगला कॅम वाईट ठरतो, वाईट चांगला. सपाट टोक लेथवर अर्ध्या तासात होतं. हा अर्धा तास न दिल्यामुळे महिन्याची मेहनत वाया गेलेली आहे.

बेस सर्कल सगळ्यांत आधी मोजतात. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट बऱ्याच इंजिनांत दोन-अडीच दशांश मिलिमीटर ठेवतात. बेस सर्कल पाच शतांशानं डगमगत असेल तर फटीचा चौथा-पाचवा हिस्सा तिथंच गेला. मेकॅनिक ज्या जागी फट लावतो त्या जागी ती बरोबर, थोडं फिरवलं की चूक. तो दर महिन्याला टॅपेट सेट करतो आणि दर महिन्याला ते बिघडतं.

श्रोतेहो, मंचाच्या उजवीकडच्या टेबलावर एका सिलिंडरच्या शेतीच्या इंजिनाचा, घरी कापलेला कॅमशाफ्ट ठेवला आहे. दोन व्ही-ब्लॉकवर तो आडवा आहे, वर सपाट टोकाचा डायल आहे, आणि टोकाला अंशांची चकती. जाण्यापूर्वी प्रत्येकानं तो हातानं फिरवून पाहावा. चकती शून्यावर आणा आणि घड्याळाच्या दिशेनं हळूच फिरवा. बेस सर्कलवर सुई हलायला नको. या शाफ्टवर ती दोन रेघा हलते, म्हणजे दोन शतांश. का हलते ते शोधायचं आहे. सेंटरची भोकं सरळ नव्हती, की भट्टीनंतर तो वाकला, की आधार चुकीच्या जागी होता. ज्यांना उलगडा होईल त्यांनी टेबलाशेजारच्या वहीत लिहून ठेवावं. पेन्सिल तिथंच बांधली आहे.